थेंबवाली सारिका

सारिका दोनदा चालायला शिकली. पहिल्यांदा शिकली ती मावळातल्या नवलाख उंबरे गावात, घरासमोरच्या अंगणात, आईचं बोट धरून, सगळी पोरं शिकतात तशी. ते तिला आठवत नाही. दीड वर्षाची असताना तिला ताप भरला, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय गोधडीवर नुसता पडून होता. तिच्या बापाने, बजरंगने, तो पाय उचलून बघितला, सोडला, पुन्हा उचलला. मग लेकीला खांद्यावर टाकून तो तळेगावला डॉक्टरांकडे गेला आणि संध्याकाळी ‘पोलिओ’ हा शब्द घेऊन परत आला. घरात तो शब्द त्याआधी कुणी उच्चारलेला नव्हता.

आई नंदाबाई त्या सुगीला माहेरी भात कापायला गेली होती आणि लेकीचा एक डोस हुकला होता. तिला कुणी बोल लावला नाही, पण ती स्वतःच तो विषय काढायची. सोयरेधायरे आले, चहा झाला, की म्हणायची, “माज्याच हातनं ऱ्हायलं बगा.” लहानगी सारिका ते ऐकत मोठी झाली. आईच्या डोळ्यांना पाणी आलं की आपल्या पायावरून आलं, हे तिला फार लवकर कळलं, आणि आईपुढे पाय साडीच्या घडीसारखा मुडपून झाकून ठेवायची सवय तिला लागली.

दुसऱ्यांदा ती चालायला शिकली चौदाव्या वर्षी. तळेगावात एक सेवा क्लब आहे. जगभर शाखा असलेल्या मोठ्या संस्थेची ती छोटीशी शाखा. डॉक्टर, वकील, शिक्षक, कंपन्यांतले अधिकारी असे तिचे सभासद. पोलिओ पृथ्वीवरून घालवायचा, असा त्या संस्थेने जगभर विडा उचलला होता, आणि तळेगावकर आपल्या परीने त्यात हातभार लावत होते. दर वर्षी पल्स पोलिओच्या रविवारी त्यांचे लोक बूथवर बसायचे, आणि एका वर्षी त्यांनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी ऑपरेशनचं शिबिर भरवलं. बजरंगला हे गावच्या शाळेत कळलं. त्याने सारिकाला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि शिबिराला नेलं.

तिथं तिच्या पायाचं ऑपरेशन झालं, आणि तिथंच तिला क्लबच्या अरुंधतीबाई भेटल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या, उंच, सडपातळ, आवाजात जरब असलेल्या. शाळा सुटली की त्या वॉर्डात यायच्या आणि प्लास्टर निघालेल्या पोरांना दोन दांड्यांच्या मधून चालवायच्या. सारिका खाली पायाकडे बघत चालायची. बाई म्हणायच्या, “पाय कुठे जातोय ते पायाला माहीत आहे. तू समोर बघ.” पोरगी रडायची, चिडायची, रात्री ठणका लागला की घरी जायचं म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी दांड्या धरून उभी राहायची. शेवटी एक दिवस ती पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी दांड्यांचा आधार, लावून, एक कुबडी घेऊन, वॉर्डाच्या दारातून चालत बाहेर आली. बाहेर बजरंग उभा होता. त्याने आधी भिंतीकडे तोंड केलं. मग वळून म्हणाला, “आता चपला दोन घ्याव्या लागतील.” तोवर तिला एकाच पायात चप्पल लागत होती.

त्यानंतरची सारिकाची वाढ गावातल्या इतर पोरींसारखीच झाली. बारावी झाली. गावाशेजारी एमआयडीसी आली, भाताच्या खाचरांच्या जागी शेड उभ्या राहिल्या, आणि सारिकाला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लायनीवर काम मिळालं. बसून करायचं काम होतं, हात चपळ होते. कुबडी कधीच सुटली होती. पुढे तिने मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली, आणि तेव्हापासून तिच्या मागे बसायला घरात भांडणं लागू लागली.

देश पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्या वर्षी क्लबने तळेगावात मोठा कार्यक्रम केला. अरुंधतीबाईंनी सारिकाला आवर्जून बोलावलं. ती नवी साडी नेसून गेली. व्यासपीठावर तिला मधल्या खुर्चीत बसवलं. मग मागच्या पडद्यावर चित्रं दिसू लागली, आणि त्यांत एक चित्र तिच्या पायाचं होतं, ऑपरेशनच्या आधीचं. बारीक, वाकडा, लोंबणारा पाय भिंतीएवढा मोठा होऊन सगळ्या सभागृहासमोर उभा राहिला. बाई माइकवर सांगत होत्या की ही मुलगी आज स्वतःच्या पायावर उभी आहे. टाळ्या झाल्या. सारिका हात जोडून उभी राहिली, हसली, बसली. पहिल्या रांगेत नंदाबाई पदराने डोळे पुसत होती.

परतताना बाई स्वतः तिला गाडीने घरी सोडायला निघाल्या. आंबी गावाच्या पुढे रस्ता सुनसान झाला तेव्हा सारिका म्हणाली, “बाई, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण मला परत असं स्टेजवर उभं करू नका.”

बाईंनी विचारलं, काय चुकलं.

“माझा पाय मला न विचारता दाखवला,” सारिका म्हणाली. “लहानपणापासून मी तो आईपासून पण झाकून ठेवला होता.”

बाई रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिल्या. दारात गाडी थांबवली, सारिका उतरली, गाडी निघून गेली. सारिकाला वाटलं, संपलं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण उलटं बोललो. रात्रभर तिला चुटपुट लागून राहिली.

पुढच्या रविवारी बाई आल्या. न कळवता, भर दुपारी. ओसरीवर नंदाबाईने दिलेलं ताक प्यायल्या, बजरंगशी पाण्यापावसाचं बोलल्या. मग सारिकाला म्हणाल्या, “तुझं बरोबर होतं. मी तुला पेशंट म्हणून बोलावलं, माणूस म्हणून नाही. आता तू सांग, तुला काय करायचंय?”

सारिकाने जणू याचा आधीच विचार करून ठेवला होता. ती म्हणाली, “मला थेंब पाजायचेत. स्टेजवर नाही. बाहेर, जिथं कुणी जात नाही तिथं.”

त्या दिवसापासून सारिका थेंबवाली झाली. सरकारी परिचारिका आणि आशाताई यांच्या जोडीला क्लबचे स्वयंसेवक असत, आणि त्यांत अवघड जागा सारिका मागून घ्यायची. रविवारी बूथ, आणि पुढचे दिवस घरोघर जाऊन राहिलेली पोरं शोधायची. लोणावळ्याला स्टेशनबाहेर उभं राहून ती गाडीतून उतरणाऱ्या कुटुंबांना गाठायची. सहलीला आलेले लोक घाईत असत, ‘आमचं झालंय’ म्हणून पुढे सटकत. सारिका पोराच्या डाव्या करंगळीवर शाई आहे का तेवढं बघायची आणि नसली तर गोड बोलून तिथंच तोंड उघडायला लावायची. घाटात बोगद्याच्या कामावर आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथली माणसं परमुलखातली, भाषा वेगळी, कुणावर विश्वास नाही. आधीच्या वेळी कुठल्याशा पोराला ताप आला होता, त्याचं खापर थेंबांवर फुटलं होतं. सारिका पहिल्या दिवशी गेली तेव्हा दारं लागली. दुसऱ्या दिवशी ती थेंबांची पेटी न घेताच गेली आणि बायकांच्यात पाणवठ्यावर बसली. कामाला किती वेळ लागतो, गाव कुठलं, पोरं किती, असं मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी एका बाईने आपणहून पोरगं पुढे केलं, आणि मग रांग लागली. पाय मात्र तिने तिथं कुणाला दाखवला नाही. शब्दांनी काम होत होतं, तेवढं तिला पुरे होतं.

अशी कैक वर्षं गेली. अरुंधतीबाई शाळेतून निवृत्त झाल्या. बजरंगचे केस पिकले. सारिका लायनीवर सुपरवायझर झाली. आणि मग कार्ल्यात तिला बयाबाई सापडली.

कार्ल्याच्या फाट्यावर रखमाजीभाऊंची टपरी होती. चहा, वडापाव, पावसाळ्यात भाजलेली कणसं. देवीला येणाऱ्या बसगाड्या तिथं थांबत. घर टपरीच्या मागे, भाताच्या खाचरांच्या कडेला. घरोघर फिरताना सारिका त्या घराच्या पडवीत शिरली. रखमाजीचा नातू तिला हवा होता. नातवाला थेंब पाजले, करंगळीला शाई लावली, आणि ती वळणार इतक्यात आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून एक बाई दोन्ही हातांवर भार देत, जमिनीला घासत पुढे सरकली. पन्नाशीची असेल. केस नीट विंचरलेले, चेहरा तरतरीत. डावा पाय गुडघ्यात मुडपलेला तो मुडपलेलाच. तिने सारिकाच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिची नजर साडीच्या काठाखाली दिसणाऱ्या कॅलिपरच्या लोखंडी दांडीवर होती.

“ह्ये काय हाय?” तिने विचारलं.

सारिकाने सांगितलं. बाईने हात पुढे केला आणि परवानगी न मागता ती दांडी, तो चामड्याचा पट्टा, बुटाला जोडलेली कडी चाचपून बघितली.

“तुला बी त्योच ताप आलता?”

“व्हय, मावशी.”

“आन् तू चालतीस.”

यात प्रश्न नव्हता. देश पोलिओमुक्त झाल्याच्या टाळ्या सारिकाने कानांनी ऐकल्या होत्या. पण ज्यांना आधीच होऊन गेला होता, ती माणसं कुठं गेली, हा प्रश्न तिलाही सुचला नव्हता. ती इथं होती. टपऱ्यांच्या मागे, आतल्या खोल्यांत.

रखमाजीभाऊ आले, त्यांनी बहिणीला, बयाबाईला, आत जायला सांगितलं आणि सारिकाला चहा दिला. माणूस वाईट नव्हता. आईबाप गेल्यावर बहिणीला त्यांनीच सांभाळलं होतं. तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी टाकून बोलले नाहीत. ती घरात बसून शेंगा सोलायची, कणसं निवडायची, भाजी चिरायची. पण घराच्या पुढच्या दारातून ती कैक वर्षांत बाहेर पडली नव्हती. हायवे घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिला तो नुसता ऐकू यायचा.

सारिका कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून हिंडू लागली. अंदर मावळ, पवन मावळ, डोंगराच्या कुशीतल्या वाड्या. विचारत गेली तसे पोलिओ होऊन गेलेले लोक सापडत गेले. कुठे गोठ्याशेजारी बसलेला पुरुष, कुठे लग्न न झालेली पोक्त बाई. सगळे थेंबांचे रविवार सुरू व्हायच्या आधी जन्मलेले. कुणाला कुबड्या हव्या होत्या, कुणाला चाकाची खुर्ची, आणि काहींना, तिला वाटत होतं, ऑपरेशन.

क्लबच्या बैठकीत तिने विषय काढला. त्या वर्षीचे अध्यक्ष त्र्यंबकराव, एका कंपनीतून निवृत्त झालेले व्यवस्थापक. शिस्तीचे आणि सरळ बोलणारे. ते म्हणाले की क्लबची शिबिरं लहान मुलांसाठी असतात. लहान वयात केलेल्या ऑपरेशनचा फायदा आयुष्यभर मिळतो. पन्नाशीच्या माणसाला त्रास जास्त आणि लाभ थोडा. त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

सारिका म्हणाली, “सर, मला चौदाव्या वर्षी तुमच्या क्लबने उभं केलं. बयाबाई माझ्याआधी जन्मली, एवढीच तिची चूक. एकदा येऊन बघा. बघून नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही.”

कोपऱ्यात बसलेले हाडांचे डॉक्टर मुकुल म्हणाले, “बघायला काय हरकत आहे? पाय बघितल्याशिवाय मी तरी नाही म्हणत नाही.”

पुढच्याच रविवारी त्र्यंबकराव, डॉक्टर मुकुल आणि अरुंधतीबाई कार्ल्याला गेले. सारिकाने आधी एकटीने आत जाऊन बयाबाईला विचारलं, डॉक्टरांनी पाय बघितलेला चालेल का. बयाबाईने साडी सारखी केली आणि म्हणाली, येऊ दे. डॉक्टरांनी बराच वेळ पाय वाकवून, ताणून, दाबून बघितला. दुसरा पाय धड होता, हातांत ताकद होती. जमिनीवरून सरकून सरकून खांदे पैलवानासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले की गुडघा पूर्ण सरळ होणार नाही, पण कॅलिपर बसण्याइतका होईल. आधी ऑपरेशन, मग थोडं थोडं सरळ करत बदलायची प्लास्टरं, मग व्यायाम. काही महिने लागतील आणि दुखेल. त्र्यंबकराव परसदारी उभे राहून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, “डॉक्टर होय म्हणतायत, तर मी कोण नाही म्हणणारा?”

नाही म्हणाले ते रखमाजीभाऊ.

त्यांनी पाहुण्यांना चहा दिला, हात जोडले, आणि पाहुणे गाडीकडे गेल्यावर सारिकाला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. “पोरी, तुजं मन चांगलं हाय. पन ती पडली तर? हाड मोडलं तर? आता निदान आपल्या हातानं जेवती, सरकून मोरीवर जाती. त्ये बी गेलं तर? मी बी म्हातारा झालो आता.”

“तुमी म्हातारं झाला, म्हणूनच म्हणती भाऊ,” सारिका म्हणाली. “तुमच्यामागं तिला कोण उचलंल?”

सारिकाला वाटलं, आपण जास्त बोललो. तेवढ्यात आतून आवाज आला.

“मला कुनी इचारनार हाय का न्हाई?”

बयाबाई उंबऱ्यावर येऊन बसली होती. ती भावाकडे बघून म्हणाली, “दादा, तू मला लय सांबाळलंस. तुज्याबद्दल माजी काय सुदीक तक्रार न्हाई. पन म्या आजवर समद्यांची गुडगीच बगितली. मला तोंडं बगायची हायेत, उबी ऱ्हाऊन. पडलं तर पडलं.”

रखमाजीभाऊ तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. म्हणाले, “जा.”

ऑपरेशन नीट पार पडलं, पण त्यानंतरचे दिवस फार कठीण गेले. दर खेपेला प्लास्टर बदलताना गुडघा ताणला जायचा आणि बयाबाई दात आवळून छताकडे बघत राहायची. एके दिवशी तिचा धीर सुटला. सारिका कंपनीतून थेट वॉर्डात आली तेव्हा बयाबाईने तोंड फिरवलं. म्हणाली, तुझ्या नादाला लागले आणि वाटोळं करून घेतलं. मला घरी ने, मला नको उभं राहायला. शेजारच्या खाटांवरच्या बायका कानकोंड्या झाल्या.

सारिकाने समजूत घातली नाही. ती खाटेच्या कडेला बसली, बुटाची वादी सोडली, मांडीचा पट्टा सोडला आणि कॅलिपर काढून जमिनीवर ठेवला. मग साडी गुडघ्यावर घेऊन आपला पाय बयाबाईच्या खाटेवर, तिच्या प्लास्टरच्या शेजारी ठेवला. कातडीखाली हाडच काय ते दिसणारा पाय. गुडघ्यामागे टाक्यांचा लांब, पांढरा पडलेला व्रण.

“हा बगा मावशी,” ती म्हणाली. “मी बी हितंच, अशीच रडली होती. आईला शिव्या दिल्या होत्या.”

तो पाय सारिकाने आपणहून असा कुणाला दाखवायची ती पहिलीच वेळ होती. बयाबाईने त्या व्रणावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. विचारलं, “किती दिस दुकलं?” सारिका म्हणाली, आठवत नाही. हे खरंच होतं. बयाबाईला ते उत्तर कसं लागलं कोण जाणे, पण ती हसली. “म्हंजी इसरतं मानूस,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती व्यायामाला आधी हजर असायची.

आणि एका सकाळी बयाबाई उभी राहिली. दांड्या धरून, पायाला नवा कॅलिपर, एका बाजूला सारिका, दुसऱ्या बाजूला अरुंधतीबाई. सत्तरी जवळ आली तरी बाईंच्या आवाजातली जरब तशीच होती. “खाली बघू नका, समोर बघा,” त्या म्हणाल्या. बयाबाईने समोर बघितलं. समोर रखमाजीभाऊ होते. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते आपल्या बहिणीकडे बघत होते. ती त्यांच्यापेक्षा उंच होती. हे त्या दोघांना तेव्हाच कळलं.

“दादा,” बयाबाई म्हणाली, “तू तर बुटका हायेस की रं.”

सगळा वॉर्ड हसला. रखमाजीभाऊही हसले, आणि हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले. त्र्यंबकराव दाराशी उभे होते. ते पुढे आले आणि सारिकाला म्हणाले, “बाकीच्यांचं कधी घ्यायचं? तू वाड्यावाड्यांत बघून ठेवलेल्यांचं?”

ते शिबिर त्याच वर्षी झालं. मावळातून माणसं आली. कुणी जीपमधून, कुणी पाठुंगळी. सगळ्यांची ऑपरेशनं झाली नाहीत, सगळे चालू लागले असंही नाही. पण कुणी नव्या कुबड्यांवर गेला, कुणी चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने चाकं फिरवत गेला, आणि कॅलिपर लावून चालत जाणारेही निघाले. बयाबाई खाटांमधून फिरायची आणि जो रडेल त्याला बेधडक सुनवायची. शिबिराच्या शेवटच्या दिवशी क्लबने सारिकाला रीतसर सभासद करून घेतलं. तिच्या साडीच्या पदराला क्लबची पिन लावली ती अरुंधतीबाईंनी. नंदाबाई त्या दिवशी रडली नाही. सगळ्या पाहुण्यांना ती सांगत सुटली, “ही माजी लेक,” आणि त्यापुढे दुसरं काही बोलली नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या हुकलेल्या डोसाचं नाव काढलं नाही. बजरंगने गावात पेढे वाटले, आणि ज्यांनी कारण विचारलं नाही त्यांनाही थांबवून कारण सांगितलं.

पुढच्या मार्चमधल्या पोलिओच्या रविवारी कार्ल्याच्या फाट्यावर बूथ लागला. जागा रखमाजीभाऊंनी टपरीशेजारी स्वतःहून दिली. टेबलाशी परिचारिका थेंबांची पेटी घेऊन बसली, आणि शाईचा मार्कर घेऊन उभी राहिली बयाबाई. खुर्ची दिली होती, पण ती बसायला तयार नव्हती. देवीला आलेल्या बसगाड्या थांबल्या की ती एका कुबडीवर दारापर्यंत जायची आणि आत डोकावून मोठ्याने विचारायची, “पाच वर्साच्या आतलं कोन कोन हाय?” आयाबाया तिच्याकडे बघायच्या, कॅलिपरकडे बघायच्या, आणि पोरं घेऊन खाली उतरायच्या. एका तरुण बापाने घाईचं कारण सांगितलं. त्याला ती म्हणाली, “माज्या येळंला ह्ये थेंबच नव्हतं, तुमच्या पोराला हायेत. दोन थेंब घ्या आन् मग खुशाल जा.” तो उतरला. त्याच्या मागून आणखी दोघे उतरले.

दुपारी सारिका लोणावळ्याचा बूथ आटोपून तिथं आली तेव्हा पेटीतल्या कुप्या संपत आल्या होत्या आणि नव्या मागवल्या होत्या. संध्याकाळी आशाताईंनी सांगितलं की गावातलं एकही पोर राहिलेलं नाही. पुढचे दिवस घरोघर फिरून फक्त खात्री करायची. टेबलं उचलली, फलक गुंडाळला. हायवेवरून गाड्या सुसाट जात होत्या. बयाबाई आता कुठे खुर्चीत टेकली. ती सारिकाला म्हणाली, “आपल्या देशातनं ग्येला म्हंतीस. मंग आजून कुटं ऱ्हायलाय ह्यो रोग?”

सारिकाने सांगितलं की मुळातला विषाणू आता शेजारच्या दोनच देशांत उरलाय. तिथून संपला की जगातून संपला. मग आपल्या पोरांना थेंब द्यायचीसुद्धा गरज उरणार नाही.

बयाबाईने विचारलं, “तितं थेंब पाजाया कोन जातं?”

“तिथल्याच बाया जातात मावशी. घरोघर. डोंगरात, बर्फात. काही ठिकाणी तर जिवाला धोका असतो, तरी जातात.”

“त्यांना च्या कोन देतं?”

सारिकाने अशा बायांची छायाचित्रं बघितली होती, त्यांच्याबद्दल क्लबमध्ये भाषणं ऐकली होती, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

“देत असंल कुनीतरी,” बयाबाईने स्वतःच ठरवून टाकलं. मग कुबडी टेकवून ती उठली, टपरीत गेली, भावाला स्टोव्हपासून बाजूला सारलं आणि सगळ्या बूथसाठी आधण ठेवलं.